एक गाठ लाल

आईने काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसून एकेक बाटली उजेडाकडे धरली, आत फुंकर मारली आणि झाकण लावून पिशवीत टाकली. तपकिरी काचेच्या, बोटाएवढ्या बाटल्या. औषधाच्या दुकानात त्या रिकाम्या होत, आणि तिथे काम करणारी तिची मुलगी त्या उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, आईसाठी एका खोक्यात साठवून ठेवी. बियांना उजेड लागलेला चालत नाही, म्हणून आईला तपकिरीच लागत.

"तेरा झाल्या. अजून असली एखादी तर बघ."

"एवढ्या बिया आणणार? त्यापेक्षा ती बेटंच उचलून आण ना."

"तुझ्या बाबांनीच काढली आहेत ती. गुंडाळी करून आणते."

हे खरंच होतं. बाबा नकाशांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते, आणि उत्तरेकडच्या त्या सात बेटांचा किनारा त्यांनी फार वर्षांपूर्वी, दीड महिना मान मोडून, काळ्या शाईने काढला होता. त्याच सुमारास आई कॉलेजच्या वनस्पती संग्रहात वाळलेली झाडं जाड कागदावर चिकटवायचं काम करायची. त्या बेटांवरची फुलं तिच्या टेबलावर यायची, चपटी आणि तपकिरी होऊन. एकाने बेटांची कड पाहिली होती, दुसरीने तिथली फुलं, आणि दोघांपैकी कुणीही तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. तिथला फुलांचा हंगाम तीन आठवड्यांचा. दरवर्षी त्या तीन आठवड्यांत घरात काहीतरी निघायचं. या वर्षी काही निघालं नव्हतं. उद्या सकाळी ते दोघं निघणार होते.

आई पिशवी काउंटरवर ठेवायला उठली आणि मधेच थांबली. दोन बोटं गळ्याखाली टेकवून ती समोरच्या कपाटाकडे बघत राहिली, जणू खोकल्याच्या औषधांची नावं वाचते आहे.

"कधीपासून?" मुलीने विचारलं.

"काय कधीपासून?"

"आई."

"झाले असतील पंधरा दिवस. जिना चढलं की होतं. थांबलं की जातं."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मफलर गुंडाळलेला एक म्हातारा. चिठ्ठी पुढे करून त्याने आपल्या खोकल्याची सविस्तर हकीकत सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली, बाटली काढली, सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक, असं दोनदा सांगितलं. तो गेल्यावर ती आईकडे वळली.

"उद्या जायचं नाही. आधी डॉक्टरांना दाखवू."

"दाखवलं की ते निजवून ठेवतात. फुलं थांबणार आहेत का तोवर?"

"पुढच्या वर्षी जा."

"बाबांचा गुडघा बघतेस ना? पुढच्या वर्षी मी त्यांना टेकडीवर खांद्यावर बसवून नेऊ?" आई हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्याकडे असतात ना त्या गोळ्या, जिभेखाली ठेवायच्या. दे मला. लागायच्या नाहीत, पण जवळ असलेल्या बऱ्या. आणि यांना बोलू नकोस. बोललीस तर बॅगा उद्या माळ्यावर जातील, त्या परत काही खाली यायच्या नाहीत."

नाही म्हणायला हवं होतं. तिला ते तेव्हाही कळत होतं. कळणं हेच तर तिचं काम होतं. दिवसातून दहा माणसांना ती चिठ्ठीशिवाय मिळणार नाही असं सांगायची आणि ते तिच्यावर डाफरायचे. पण ती तीन संध्याकाळी बसून बोटीचं आणि तिथल्या खोलीचं जमवून बसली होती. आणि अडतिसाव्या वर्षी आईबाबांबरोबर राहणाऱ्या तिला आठ दिवस रिकामं घर मिळणार होतं. आठ दिवस कुणी उशीर का झाला, जेवलीस का, असं विचारणार नव्हतं. हा विचार तिच्या मनात एकदाच आला आणि गेला. पण आला होता.

तिने खणातून गोळ्यांची बाटली काढली. साबुदाण्याएवढ्या, पांढऱ्या. लेबल ओलं करून नखाने खरवडून काढलं, कारण छापील अक्षर दिसलं की बाबा वाचल्याशिवाय राहत नसत. आईच्या तेरा बाटल्यांची झाकणं हिरवी होती. हिला तिने लाल बसवलं.

"लाल झाकण. एका नजरेत सापडेल."

आईने मान हलवली आणि पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं. ते रीळ कायम तिच्यापाशी असायचं.

लग्नानंतर महिन्याभरात तिला कळलं होतं की आपल्या नवऱ्याला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. नकाशांच्या कचेरीत रस्ते लाल आणि जंगलं हिरवी. तिथे हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. तिने एका रविवारी त्याच्या शाईच्या बाटल्या घरी आणवल्या आणि गळ्याला दोरा बांधून दिला: एक गाठ लाल, दोन गाठी हिरवा. एकतीस वर्षांत एकाही वरिष्ठाला पत्ता लागला नाही. मग गाठी घरभर पसरल्या. मोज्यांना, टॉवेलांना, दात घासायच्या ब्रशांना, किल्ल्यांना. बाबांची बोटं त्या गाठी न बघता वाचायची. हे बाहेर सांगायचं नाही, एवढं मुलीला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. एकमेकांचं झाकून ठेवणं ही त्या घराची रीतच होती.

आईने दोरा बाटलीच्या गळ्याभोवती फिरवला.

"गाठ नको बांधूस," मुलगी म्हणाली.

"का गं?"

"हाताला गाठ लागली की विचारतील. लाल कशाला, आत काय आहे. खोटं बोलता येतं का तुला त्यांच्याशी?"

आई क्षणभर दोऱ्याची दोन्ही टोकं चिमटीत धरून बसली. "असू दे की. हाताला सवय झाली आहे."

"नको म्हटलं ना. तुझ्याच पिशवीत राहणार आहे ती."

"तेही खरंच." आईने दोरा ओढून काढला, रिळावर परत गुंडाळला. बाटली इतर तेरांमध्ये टाकली.

"आल्या आल्या डॉक्टर. बोटीतून उतरलीस की तशीच."

"तशीच. पाय धुवायलासुद्धा घरी यायची नाही."

दारातली घंटी वाजली. बाबा आत आले, नवे बूट करकरत. सवय व्हावी म्हणून ते दोन दिवस घरातही ते घालून फिरत होते.

"काय कंपाउंडर, काय विकलंस आईला?"

"रिकाम्या बाटल्या."

"वा! असा धंदा पाहिजे." त्यांनी पिशवी उचलली, हलवून तिचा खुळखुळाट ऐकला आणि खांद्याला लावली. "चला बाईसाहेब. बेटं वाट बघतायत."

दोघं गेले. काचेतून ती बघत राहिली. रस्ता ओलांडताना आईने बाबांचा कोपर धरला होता. कोण कुणाला सांभाळतंय ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

बेटावरून आईचे तीन फोन आले. मोबाइल तिथे चालत नव्हता; उतरले होते त्या घराच्या ऑफिसातून करावा लागे, आणि मागे सतत वारा ऐकू यायचा.

"झाड नाही गं एकसुद्धा. गुडघ्याच्या वर काही वाढतच नाही इथे. सगळं जमिनीला धरून. मी अर्धा वेळ पालथीच असते. लोकांना वाटतं, म्हातारी पडली."

बाबांनी फोन ओढून घेतला. "किनारा बरोबर काढला होता मी. फक्त एक खाडी जरा उथळ पडली. बाकी बेट हुबेहूब नकाशासारखं आहे, जरा मोठं आहे एवढंच."

प्रत्येक फोनच्या शेवटी ती विचारायची, "आणि तू?"

"मजेत."

"ते?"

"ते कुठलं? हो, हो. तेही मजेत."

चौथा फोन सहाव्या दिवशी दुपारी दुकानात आला. आवाज त्या घराच्या मालकिणीचा होता. मुलगी तेव्हा गोळ्यांची पट्टी कापत होती. मालकीण बोलत होती तोवर तिने कात्री तशीच धरून ठेवली. फोन ठेवल्यावर पट्टी नीट रेषेवर कापली, गिऱ्हाइकाला दिली, जेवणानंतर घ्या म्हणून सांगितलं. मग ती आईच्या स्टुलावर बसली. दुकानाच्या मालकांनी शटर अर्धं खाली ओढलं.

आईला तिथून आणायला चार दिवस लागले. बाबा दोन बॅगा, पट्ट्यांनी आवळलेल्या फळ्यांचा जोड आणि ती पिशवी घेऊन उतरले. फळ्यांमध्ये टिपकागदात आईची फुलं दाबलेली होती. लोक येऊन गेल्यानंतर तिने पिशवी उघडली. काही बाटल्या झाकणांविना होत्या, तळाशी बिया सांडल्या होत्या, त्यांत गवताची काडी, माती. लाल झाकणाची बाटली मिळाली. झाकण घट्ट होतं. तिने हातावर गोळ्या ओतल्या. पंचवीस दिल्या होत्या, पंचवीस होत्या.

वेळच मिळाला नसेल आईला, असं तिने ठरवलं. बाटली दुकानात नेऊन खणात, अगदी मागे ठेवली. बाबांनी काही विचारलं नाही. तिनेही नाही. घर झाकून ठेवण्यात तरबेज होतंच.

चार महिन्यांनी एका रविवारी दुपारी बाबांनी जेवणाचं टेबल पुसून घेतलं आणि फळ्यांचे पट्टे सोडले. वनस्पती संग्रहातली आईची धाकटी सहकारी दुसऱ्या दिवशी कागद न्यायला येणार होती. फुलं चिकटवण्याचं काम तिचं ती करणार होती, लेबलं मात्र पुरी करून हवी होती.

"बस जरा," बाबा म्हणाले. "मला डोळे हवेत."

लेबलांवर बाबांचं अक्षर होतं, छापल्यासारखं. ठिकाण, तारीख, उंची, जमीन, रंग. झाड वाळलं की सगळ्यांत आधी रंग जातो, म्हणून तो त्याच दिवशी लिहून ठेवायचा असतो. संध्याकाळी खोलीत बसून आई सांगायची आणि बाबा लिहायचे. पहिल्या पाच दिवसांचे रकाने भरलेले होते. 'पिवळा, आत नारिंगी ठिपका.' 'मळका पांढरा, धुवायला टाकलेल्या शर्टासारखा.' 'जांभळा, पण कडेला लाजलेला.'

"लाजलेला?" ती म्हणाली.

"मी म्हटलं तिला, हे काय शास्त्र झालं? तर म्हणे, तुम्ही लिहा, तुम्हाला दिसत नाही तर वाद कशाला घालता."

दोघंही थोडं हसले. हसणं टेबलाच्या कडेपर्यंतही पोचलं नाही.

खालचे चार कागद सहाव्या दिवशी सकाळचे होते. ठिकाण होतं, उंची होती. शेवटचा रकाना कोरा. बाबांनी पेनाचं टोपण काढलं.

"रंग?"

तिने कागद खिडकीपाशी नेला. पाच पाकळ्या, न चुरगळता दाबलेल्या; आईचा हात होता तो.

"तपकिरी."

"आता तपकिरीच असणार सगळं. मूळचा सांग."

"नाही कळत, बाबा."

"तुला तर दिसतं ना?"

"दिसतं. पण उरलाच नाहीये."

त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. मग तिसरा. एकाच्या देठाजवळ तिला काहीतरी लालसर वाटलं, पण खात्री नव्हती, आणि खात्री नसताना रंग लिहायचा नाही हे आईने तिला लहानपणीच शिकवलं होतं. चारही रकाने कोरे राहिले. बाबांनी टोपण लावलं, कागद कडा जुळवून एकावर एक ठेवले. उठले नाहीत.

"चढ काही फार नव्हता," ते म्हणाले.

ती खिडकीपाशीच थांबली.

"आमच्या बरोबरचे पुढे गेले होते. तिला खडकाच्या फटीत काहीतरी दिसलं म्हणून मागे राहिलो. ती वाकली, आणि मग खाली बसली. मला वाटलं, बघायला बसली. म्हणून मी वही काढली. मग म्हणाली, पिशवीत गोळ्या आहेत, लाल झाकण. नीट म्हणाली. घाबरलेली नव्हती. मी पिशवी पालथी केली."

त्यांचे हात टेबलावर होते. शाईची बाटली ते नकळत फिरवत होते. अंगठा गळ्यावरच्या जुन्या, काळ्या पडलेल्या गाठींवरून जात होता, येत होता.

"चौदा बाटल्या. सगळ्या सारख्या. मी एकेकीच्या गळ्यावरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. गाठच नाही कुठे. मग उघडत सुटलो. बिया. दुसरी उघडली, बिया. हाताला वारा नुसता झोंबत होता. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटतं तिच्या लक्षात आलं. हात वर केला तिने, दाखवायला. नववी उघडली तेव्हा तो खाली होता." त्यांनी बाटली एकदा पूर्ण फिरवली. "उरलेल्या पाच मी उघडल्याच नाहीत. कुठली होती ते मला कळायला नको होतं."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

"बाबा, गोळी मिळाली असती तरी..." गोळीने काय झालं असतं ते तिला माहीत होतं. कदाचित काहीच नाही. कदाचित आई दुपारच्या बोटीने दवाखान्यात पोचली असती. या दोन्हींपैकी कुठलंही वाक्य मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं.

"त्याचं नाही काही," बाबा म्हणाले. "गोळ्या घ्यायची हे मला सांगितलं नाही, त्याचंही नाही. मला काळजी नको म्हणून. तशीच होती ती. कुठल्या डॉक्टरकडे जाऊन आली, एकटीच बसली असेल तिथे बाकावर... ते ठीक आहे." त्यांनी बाटली खाली ठेवली. "पण चाळीस वर्षांत एक वस्तू तिने गाठीशिवाय सोडली नाही. तुझ्या दुधाच्या बाटलीलासुद्धा होती, मी रात्री चुकून दुसरी उचलू नये म्हणून. विसरणारी नव्हती ती. मग याच एका बाटलीला का नाही?"

तिने खिडकीची सुटलेली कडी लावली.

"त्या दिवशी सकाळी मी तिला सारखं विचारत होतो. समुद्र कसा दिसतो, ते शेवाळ कसलं, ती बोट कुठल्या रंगाची. तर म्हणाली, अहो, जरा सुट्टी द्या माझ्या डोळ्यांना. हसत म्हणाली. पण म्हणाली." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "कंटाळली होती गं ती. दुसरं काय असणार? चाळीस वर्षं दुसऱ्या माणसासाठी बघत राहायचं, तेही कुणाला कळू न देता. मी रोज विचार करतो, रोज इथेच येऊन थांबतो. स्वतःची म्हणून एक वस्तू तिने जवळ ठेवली, आणि तिच्यावर माझ्यासाठी खूण केली नाही. माझी तक्रार नाही. फक्त आधी सांगायला हवं होतं तिने. मी कमी विचारलं असतं."

हे ते रडत बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं. पण त्यांचा आवाज एखाद्या हिशेबी माणसासारखा होता, ज्याने पुन्हा पुन्हा ताळा करून पाहिला आहे. त्यांनी चाळीस वर्षं घडी घालून बाजूला ठेवली होती. उद्या कागद न्यायला येणाऱ्या बाईंना चहा देतील, परवा फिरायला जातील, आणि मरेपर्यंत हेच खरं धरून चालतील की बायको आपल्याला कंटाळून गेली.

गप्प राहणं तिला जमलं असतं. चार महिने जमलंच होतं. आणि बोलल्यावर काय उरेल तेही तिला दिसत होतं: हे दोघं, हे टेबल, सकाळी एकमेकांसमोर ठेवलेले दोन कप, आणि त्या कपांवरून तिच्याकडे न बघणारे बाबा. कदाचित कंपाउंडर म्हणून ते परत कधी हाक मारणार नाहीत. आईच्या जागी त्यांना आता तीच एक होती, आणि तीही राहणार नव्हती.

ती खिडकीपासून टेबलाशी आली. खुर्ची ओढली, पण बसली नाही. शाईची बाटली तिने आपल्याकडे घेतली. दोन गाठी. हिरवा.

"बाबा, आई डॉक्टरकडे गेलीच नव्हती. गोळ्या मी दिल्या, दुकानातून. लेबल मी काढलं." तिचं बोट गाठीवर थांबलं. "तिने दोरा काढला होता. बाटलीच्या गळ्याभोवती घातलाही होता. मी म्हटलं, गाठ नको बांधूस."